जुन्या जिप्सीला दोन इंच लिफ्ट आणि मोठे टायर: टायर निवडण्यापासून अलाइनमेंटपर्यंत

जिप्सीचे दोन्ही ॲक्सल सरळ आणि एकसंध आहेत. त्यामुळे पाटे (लीफ स्प्रिंग) कितीही उंच बसवले तरी डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलच्या मधला गिअरचा फुगवटा) जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. वर जाते ती फक्त चेसिस आणि बॉडी. गोळा वर न्यायचा असेल तर एकच मार्ग: मोठा टायर. लिफ्ट, म्हणजे गाडीची उंची वाढवणं, करायची ती त्या टायरला मडगार्डखाली जागा मिळावी म्हणून, आणि चढउतारावर बंपर व पोट कमी घासावं म्हणून. म्हणून आधी टायर ठरवा, मग त्याला लागेल तेवढीच लिफ्ट करा. बरेच जण उलटं करतात. चार-पाच इंच लिफ्ट आधी करून टाकतात आणि मग स्टिअरिंग, प्रोपेलर (ॲक्सलला ताकद पोचवणारा दांडा) आणि ब्रेक होज (ब्रेकची रबरी नळी) यांच्या मागे महिनोन्महिने धावतात.

इथे दिलेलं सगळं मारुती जिप्सीच्या वाइड ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जास्त असलेल्या) गाड्यांसाठी आहे, म्हणजे एमजी ४१० डब्ल्यू आणि १२९८ सीसीची जिप्सी किंग. त्याआधीच्या अरुंद ट्रॅकच्या गाडीत काम तेच आहे. पण ती गाडी मुळातच आडव्या उतारावर लवकर कलंडते, त्यामुळे तिला दोन इंचही जपूनच द्यावेत.

टायरचा हिशेब

कंपनीचा रेडियल टायर २०५/७० आर १५ धरला तर त्याचा व्यास ६६८ मि.मी. येतो. २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०४, २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४. गोळ्याला मिळणारी उंची व्यासातल्या फरकाच्या निम्मी असते: २१५ च्या टायरने १८ मि.मी., २३५ च्या टायरने ३३ मि.मी. आकडा छोटा वाटतो, पण बैलगाडीच्या खोल चाकोरीत मधला उंचवटा घासतो की सुटतो हे एवढ्यावरच ठरतं. जुन्या गाडीला ६.००-१६ किंवा एफ ७८-१५ टायर असतील तर त्यांचा व्यास २०५/७० पेक्षा जास्त असतो. तेव्हा गाडीवरचा टायर टेपने मोजूनच फरक काढा.

दोन इंच लिफ्टवर २३५/७५ आर १५ हा १२९८ सीसी जिप्सीसाठी सगळ्यात समतोल टायर. त्यापुढे ३० इंची टायरला बॉडी कापावी लागते, ब्रेक अपुरे पडू लागतात आणि पुढच्या ॲक्सलमधल्या सीव्ही जॉइंटवर ताण वाढतो. ९७० सीसीच्या एमजी ४१० ला २१५/७५ च ठेवा. २३५ लावलात तर घाटात तिसऱ्या गिअरला गाडी दम टाकेल.

मोठा टायर म्हणजे लांब गिअर. २३५ च्या टायरने व्यास जवळपास १० टक्के वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअरमधली ओढ ९ टक्क्यांनी घटते. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला असेल. ओडोमीटरही कमी मोजेल, म्हणून ॲव्हरेज काढताना किलोमीटरला १.१ ने गुणा. नाहीतर गाडी अचानक जास्त पेट्रोल पिऊ लागली असं वाटेल.

रिम ५ होल, १३९.७ मि.मी. पीसीडीची (बोल्टच्या वर्तुळाच्या व्यासाची) लागते. कंपनीची साडेपाच इंची रिम २३५ च्या टायरला अरुंद पडते. ट्रेड फुगतो आणि मधूनच झिजतो. साडेसहा किंवा सात इंची रिम घ्या. ऑफसेट (रिम आत-बाहेर किती सरकलेली आहे ते माप) शून्याच्या आसपास ठेवा. रिम बाहेरच्या बाजूला सरकवली की गाडी रुबाबदार दिसते, पण तेवढाच भार व्हील बेअरिंग आणि किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती खीळ) बेअरिंगवर वाढतो. वळताना टायरही मडगार्डच्या कडेवर लवकर चढतो. व्हील स्पेसर (रिम बाहेर सरकवणारी चकती) तर नकोच.

कायदा आणि कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२ए मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बहुतेक जुन्या जिप्सींची पंधरा वर्षं उलटलेली असतात, म्हणजे फेरनोंदणीसाठी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावीच लागते. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी), शॉकअप आणि रिमा ग्रीस लावून, नावं लिहून जपून ठेवा. यातलं काहीही भंगारात देऊ नका. इथे वेल्डिंग न करता होणारी लिफ्ट सुचवली आहे त्यामागे हेही एक कारण आहे: दोन दिवसांत गाडी मूळ रूपात आणता येते.

लिफ्ट कशाने करायची

जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते ॲक्सलच्या वर घेतले तर एकदम पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. पण त्यासाठी ॲक्सलवर नवे पॅड वेल्ड करावे लागतात, ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) कोन बिघडतो आणि प्रोपेलर लांब करावा लागतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीला ते करू नका.

लांब शॅकल हा स्वस्त मार्ग. दोन इंच लांब शॅकल लावलं की गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. शिवाय जिप्सीचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाटा पुढे झुकतो, ॲक्सलचा माथा पुढे कलतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ज्यामुळे गाडी सरळ चालते) कमी होतो. मग ८० च्या वेगाला गाडी हायवेवर हरवल्यासारखी डावी-उजवीकडे फिरते.

बॉडी आणि चेसिसच्या मध्ये नायलॉनचे ठोकळे घालून केलेली बॉडी लिफ्ट टायरला जागा देते. पण स्टिअरिंग शाफ्ट, गिअर लिव्हर, रेडिएटर फॅनचं कव्हर आणि पेट्रोलच्या नळ्या सगळ्यांची जागा हलते. जुन्या, गंजलेल्या बॉडी माउंटवर हे करूच नये.

चांगला मार्ग म्हणजे जास्त कमानीचे नवे पाटे. ते परवडत नसतील तर पाटे दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून जुने पाटे थंडच ठोकून कमान वाढवून घ्या आणि एक पान (पाट्यातली पट्टी) जास्त घाला. पाटा लालभडक करून वाकवणारा दिसला तर तिथून परत या. त्याने पोलादाचं पाणी उतरतं. गाडी दोन महिन्यांत पुन्हा बसते किंवा मधलं पान सेंटर बोल्टपाशी (पानं एकत्र धरणाऱ्या बोल्टपाशी) तडकतं. मागे दोन जाड पानं घालून उंची काढण्याचाही मोह टाळा. रिकामी जिप्सी जेमतेम हजार किलोची. कडक पाट्यावर तिचं मागचं चाक खडकाळ वाटेवर जमिनीला टेकतच नाही, आणि टेकलं नाही तर पकड कुठून येणार?

सामान

चार पाट्यांचे संच, आठ नवे यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) आणि त्यांचे सोळा नट, चार शॉकअप, बुशचा पूर्ण संच (दोन भागांत येणारे रबरी बुश, एका पाट्याला सहा अर्धे भाग, एकूण २४), शॅकल पिन व बोल्ट, दोन पुढच्या आणि एक मागची अशी लांब ब्रेक होज, ब्रेक ऑइल, तांब्याचे वॉशर, बंप स्टॉपखाली (वर येणाऱ्या ॲक्सलला अडवणाऱ्या रबराखाली) घालायला पोलादी ठोकळे, कॅस्टरसाठी दोन अंशांच्या पोलादी पाचरी. ॲल्युमिनियमच्या पाचरी चेपून सरकतात, म्हणून घेऊ नका. यू-बोल्ट जुने वापरू नका. एकदा ताणून कसलेला यू-बोल्ट पुन्हा तीच पकड देत नाही, आणि त्याचे आटे गंजलेले असतील तर टॉर्क रेंच आकडा दाखवतो पण पाटा सैलच राहतो. पाटा जाड झाला किंवा पाचर घातली तर यू-बोल्ट तेवढा लांब मागवा.

अवजारांत दोन टनी जॅक, चार मजबूत स्टँड, टॉर्क रेंच, १४ ते १९ चे रिंग पाने व गोट्या, ब्रेक पाइपसाठी फ्लेअर पाना, पितळी दांडा, ग्राइंडर आणि फोनमधला कोन मोजणारा ॲप.

शॉकअपची लांबी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. दोन मापं लागतात. ॲक्सल बंप स्टॉपला टेकलेला असताना वरच्या आणि खालच्या माउंटमधलं अंतर, आणि ॲक्सल पूर्ण लोंबकळत असतानाचं अंतर. पहिलं माप समजा ३२० मि.मी. आलं, तर पूर्ण दाबलेला शॉकअप ३०० पेक्षा लांब नको. लांब असला तर बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच आपटतो, आणि मग त्याची सील फुटते किंवा माउंट उखडतं. दुसऱ्या मापापेक्षा शॉकअप थोडा लांब हवा, नाहीतर लोंबणारा ॲक्सल पाट्याऐवजी शॉकअपला टांगला जातो. ही मापं नवे पाटे बसवल्यावर आणि बंप स्टॉप ठरल्यावर घ्या. शॉकअप सगळ्यात शेवटी विकत घ्यावेत ते म्हणूनच.

आधीची तपासणी

सपाट जागेवर चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा. फोन पुढच्या आणि मागच्या पिनियन फ्लँजला (गोळ्यावर प्रोपेलर जोडतात त्या चकतीला) टेकवून कोन मोजा. ॲक्सल एकसंध असल्यामुळे पुढच्या पिनियनचा कोन जितका बदलेल तितकाच कॅस्टर बदललेला असतो. म्हणजे घरच्या घरी कॅस्टरचा फरक मोजता येतो. मूळ कॅस्टर सुमारे साडेतीन अंशांचा आहे.

कोकणातली किंवा समुद्रकाठी वापरलेली गाडी असेल तर चेसिसवर, पाटा टांगलेल्या ब्रॅकेटच्या मुळाशी हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर लिफ्ट बाजूला ठेवा आणि आधी चेसिस दुरुस्त करा. पुढची चाकं उचलून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर किंगपिन बेअरिंग आणि व्हील बेअरिंग आत्ताच बदला. छोट्या टायरवर हा खेळ लपतो, मोठ्या टायरवर तोच स्टिअरिंग हातातून हिसकावतो. पाट्यांच्या सगळ्या बोल्टवर दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा.

मागची बाजू

मागून सुरुवात करा, काम सोपं आहे आणि हात बसतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. गाडी उचलून स्टँड चेसिसखाली, मागच्या पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या जरा पुढे लावा. जॅक गोळ्याखाली राहू द्या, तो ॲक्सल पेलण्यासाठी.

चाकं काढा. शॉकअपचं खालचं टोक सोडा. मागची ब्रेक होज चेसिसवरच्या क्लिपमधून मोकळी करा, नाहीतर ॲक्सल खाली घेताना सगळा ताण तिच्यावर येतो. ॲक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व असेल तर त्याची दांडी सोडा. गाडी उंच झाल्यावर तो मागे भार नाही असं समजून मागचा ब्रेक कमी करतो. त्याचं ब्रॅकेट लिफ्टइतकं हलवून मूळ कोन परत आणा.

एका वेळी एकच बाजू. दोन्ही पाटे एकदम सोडले तर ॲक्सल गोल फिरतो आणि प्रोपेलरचा क्रॉस (त्याच्या टोकाचा सांधा) वाकडा अडकतो. यू-बोल्ट काढा, जॅक हळूहळू उतरवा, शॅकल सोडा, मग पुढच्या डोळ्याचा (पाट्याच्या टोकाच्या गोल कडीचा) बोल्ट. हा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. घणाने ठोकत बसलात तर ब्रॅकेट वाकेल. ग्राइंडरने पाटा आणि ब्रॅकेट यांमधल्या फटीत बोल्टच कापा. नवा बोल्ट काही रुपयांचा आहे, ब्रॅकेट चेसिसचं आहे.

नवा पाटा बसवताना आधी पुढचा डोळा, मग शॅकल, दोन्ही नट फक्त हाताने. जॅकने ॲक्सल उतरवत सेंटर बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात नीट बसलं का ते बोटाने चाचपा. डोकं कडेवर राहिलं आणि यू-बोल्ट कसला, तर ॲक्सल तिरका बसतो. यू-बोल्ट चारही नटांवर कोपरा सोडून कोपरा, थोडा थोडा कसा. बाहेर उरलेले आटे चारही ठिकाणी सारखे दिसायला हवेत. शेवटचा टॉर्क ६० ते ८० न्यूटन मीटर.

डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट आत्ता कसू नका. गाडी चाकांवर उभी राहून दोन-तीनदा दाबून सोडली की मगच कसा. गाडी हवेत असताना कसले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि पहिल्याच पावसाळ्यात फाटतं. लिफ्ट केल्यावर कुई-कुई आवाज येतो, गाडी एका अंगाला कललेली दिसते, त्यातल्या बऱ्याच तक्रारी इथूनच येतात.

पुढची बाजू

क्रम तोच, फक्त स्टिअरिंग सांभाळायचं. गाडी दोन इंच उंच झाली की ड्रॅग लिंक तिरकी होते आणि चाकं सरळ असताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. स्टिअरिंग व्हील काढून फिरवून बसवणं हा त्यावरचा उपाय नाही. तसं केलं तर स्टिअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही आणि एका बाजूला गाडी कमी वळते. ड्रॅग लिंकची लांबी तिच्या आट्यांवर कमी-जास्त करून स्टिअरिंग मध्यावर आणा आणि चेक नट कसा.

आता पुढच्या पिनियनचा कोन पुन्हा मोजा. एक अंशापर्यंतचा फरक चालतो. कॅस्टर दोन अंशांनी घटला असेल तर पाचर घाला: पाट्याच्या वर, ॲक्सलच्या पॅडखाली, जाड बाजू पुढे. ॲक्सलचा माथा त्यामुळे मागे जातो. पिनियनचं तोंड मात्र तेवढंच खाली जातं, आणि पुढच्या प्रोपेलरचा कोन वाढतो. फ्री व्हील हब (पुढचं चाक ॲक्सलच्या शाफ्टपासून सोडवता येतं असे हब) असलेल्या गाडीत हब सोडलेले असताना तो शाफ्ट फिरतच नाही, म्हणून हा सौदा परवडतो. हब नसतील तर पाचर दोन अंशांपुढे नेऊ नका.

मागच्या प्रोपेलरला मात्र नियम कडक आहे. ट्रान्सफर केसचा (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत. फरक दोन अंशांच्या वर गेला की ठरावीक वेगाला सीटखाली घरघर सुरू होते आणि क्रॉस लवकर जातो.

ब्रेक होजची परीक्षा ॲक्सल पूर्ण लोंबत असताना घ्या. पुढे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवूनही पाहा. होज ताठ झाली, किंवा टायरला अथवा पाट्याला लागली, तर ती बदलायचीच. होज बदलल्यावर लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे हवा काढा.

बंप स्टॉप

लिफ्टने गाडी उभी असताना जागा वाढते. पण मोठ्या खड्ड्यात ॲक्सल बंप स्टॉपला टेकतो तेव्हा चाक लिफ्टच्या आधी जिथे पोचायचं तिथेच पोचतं. टायर मात्र आता ३३ मि.मी. वर येतो. म्हणजे उभ्या गाडीत चार बोटं जागा दिसली तरी पहिल्याच खड्ड्यात टायर मडगार्डला फाडू शकतो. म्हणून बंप स्टॉपखाली ३० ते ४० मि.मी. ठोकळा घालावा लागतो.

नेमकं माप असं काढा: शॉकअप न लावता एक पुढचं आणि त्याच्या तिरपं समोरचं मागचं चाक उंचवट्यावर चढवा, ॲक्सल पूर्ण दाबला जाईपर्यंत. मग स्टिअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना फिरवा. २३५ चा टायर बहुतेकदा पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला, मडगार्डच्या मागच्या खालच्या कडेला आणि पूर्ण वळणावर पाट्याला घासतो. बंपरचा कोपरा कापता येतो. मडगार्डची आतली कड हातोडीने चेपता येते, फक्त उघड्या पत्र्याला लगेच रंग लावा. पाट्याला घासत असेल तर नकलवरचा (चाकाच्या वळत्या सांध्यावरचा) लॉक बोल्ट आट्यांवर थोडा बाहेर फिरवून वळण थोडं कमी करा. आता शॉकअपची दोन्ही मापं घ्या आणि शॉकअप लावा.

टायर, टो आणि पहिली फेरी

चाकाचे नट ताऱ्याच्या आकारात, ५० ते ८० न्यूटन मीटर. रस्त्यासाठी हवा २४ ते २६ पीएसआय पुरते. टायरच्या बाजूवर लिहिलेली कमाल हवा भरली तर हलकी जिप्सी चेंडूसारखी उडते. स्टेपनी आता बरीच जड आहे. मागच्या दारावर असेल तर बिजागऱ्या तपासा. जुन्या दारांचा पत्रा बिजागरीपाशीच तडकतो.

टो (पुढची चाकं आत किती वळलेली आहेत ते माप) दोन माणसांना टेपने मोजता येतो. हबच्या उंचीवर, दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यरेषेत पुढून आणि मागून अंतर घ्या. पुढचं अंतर २ ते ४ मि.मी. कमी हवं. नंतर अलाइनमेंट सेंटरवर खात्री करून घ्या आणि हेडलाइटचा झोत खाली आणा, कारण तो आता समोरच्याच्या डोळ्यात जातो.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, ४० च्या आत. ब्रेक दाबून पाहा. मोठं चाक थांबायला जास्त अंतर घेतं आणि तो अंदाज पायाला नव्याने यावा लागतो. ५० किलोमीटरनंतर सगळे यू-बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा कसा, ५०० नंतर परत एकदा. नवी पानं एकमेकांत बसतात, तशी पकड सैल होते.

काही बिघडलं तर

गाडी रस्ता सोडून भटकते: कॅस्टर कमी. आधी कोन मोजा, टायरला दोष नंतर. ५० ते ६० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं: चाकांचं बॅलन्सिंग, मग किंगपिन बेअरिंगचा ताण, मग टाय रॉडचे बॉल जॉइंट, याच क्रमाने. स्टिअरिंग डॅम्पर थरथर दाबतो, कारण बरं करत नाही. म्हणून तो शेवटी. ब्रेक मारताना पुढून एकच ‘टक’ येतो: यू-बोल्ट किंवा सेंटर बोल्ट सैल आहे. गाडी तशी चालवू नका. खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं: ड्रॅग लिंकचा कोन जास्त झाला आहे, म्हणजे लिफ्ट दोन इंचांच्या वर गेली आहे. हबपासूनची उंची पुन्हा मोजा, आणि पाट्यातलं एक पान काढून ती खाली आणा.